तीन पाणी, सावली, पिळू नये

माझ्या सासूबाईंना हसता येत नाही, असा आमच्या घरात पक्का समज होता. लग्नाला चौदा वर्षं होत आली होती आणि तेवढ्या काळात मी त्यांचे ओठ दोन-चारदा जरा ताणलेले पाहिले होते, तेही गिऱ्हाईक समोर असताना. म्हणून नव्या मनोऱ्याच्या उद्घाटनाला, सगळा चौक माना वर करून चिडीचूप उभा असताना, माझ्या शेजारून खो खो हसण्याचा आवाज आला तेव्हा मी आधी भलतीकडेच पाहिलं. मग वळून बघते तर सासूबाई. तोंडावर रुमाल दाबलेला, खांदे गदागदा हलताहेत, डोळ्यांतून पाणी वाहतंय. व्यासपीठावरचे अध्यक्ष बोलता बोलता थांबले. पुढच्या चार रांगांनी मागं वळून पाहिलं. मी त्यांचा दंड धरला, तर त्यांनी बोटानं वर दाखवलं आणि कशाबशा म्हणाल्या, "अगं, ती बघ. सावलीत वाळवा."

मी वर पाहिलं. मनोऱ्यावरचं कापड नुकतंच खाली आलं होतं आणि चार माणसं एकावर एक उभी करावीत एवढं पितळी राष्ट्रचिन्ह उन्हात झगझगत होतं. वर अर्धगोल, त्याखाली तीन उभ्या रेघा, बाजूला एक टिंब आणि टिंबापलीकडं एक वाकडातिकडा ठिपका. मग मलाही हसू फुटलं, आणि तिथून आमच्या घराची साडेसाती सुरू झाली.

हसण्यासारखं काय होतं ते कळायला आधी आमची लॉन्ड्री कळायला हवी.

आमच्या गावात दोन तऱ्हेचे लोक. काही चढावर राहणारे, काही नदीच्या काठाला राहणारे. चढावरच्यांची बोली वेगळी, प्रार्थना वेगळी, काठच्यांची वेगळी. चढ जिथं संपतो तिथं चौक आहे, चौकात चढावरच्यांचं जुनं प्रार्थनाघर आहे आणि त्याच्या भिंतीला भिंत लावून आमचं दुकान. सासूबाई काठच्या. मी चढावरची. माझं लग्न झालं तेव्हा दोन्हीकडच्यांनी महिनाभर तोंडं फिरवली. मग कपडे साठले आणि एकेक जण गाठोडं घेऊन मुकाट्यानं दुकानात आला.

गावात सासूबाईंना 'कडक' म्हणतात. खळ घातलेल्या कॉलरीवरून हे नाव पडलं की स्वभावावरून, यावर दोन मतं आहेत. तोंडावर मात्र सगळे 'मावशी' म्हणतात. एकोणिसाव्या वर्षी त्या या दुकानात सून म्हणून आल्या. मुलगा, म्हणजे माझा नवरा, सहा वर्षांचा असताना सासरे छातीच्या दुखण्यानं गेले. तिसऱ्या दिवशी दुकान उघडलं, कारण भिजत घातलेले कपडे होते आणि ते कुजले असते. हे त्या कौतुकानं सांगत नाहीत, कुणी विचारलं तर "मग काय करणार होते" एवढंच म्हणतात. सोड्यानं त्यांच्या बोटांवरच्या रेषा पार झिजून गेल्यात. दुकानात दोन मोठी मशीन आहेत, पण जड आणि नाजूक कापड अजून मागच्या अंगणातल्या टाकीत, हातानं. उशीचा अभ्रा पाहून त्यांना कळतं की या घरात कुणाची झोप उडालीय, आणि चादरी मोजून कळतं की कोण कुणाशी बोलत नाही. कळतं, पण त्या एक अक्षर बोलत नाहीत. माझ्या माहेरच्या घरातलं भांडणसुद्धा त्यांना माझ्याआधी कळलं होतं, हे मला दहा वर्षांनी समजलं.

आमच्या दुकानात कुणाचं नाव लिहीत नाहीत. माझ्या आजेसासऱ्यांच्या आईनं हे दुकान काढलं, तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. तिनं खुणा केल्या. प्रत्येक घराची एक खूण, कपड्याच्या आतल्या बाजूला, कोपऱ्यात, न जाणाऱ्या शाईनं. शिवाय जे कापड सांभाळून धुवायचं, त्यावर आणखी एक खूण. अर्धगोल म्हणजे छप्पर, सावलीत वाळवायचं. तीन रेघा म्हणजे तीन पाण्यांतून काढायचं. टिंब म्हणजे आवळलेली मूठ, म्हणजे पिळायचं नाही. लोकर, रेशीम, बायकांचे आतले कपडे, तान्ह्या पोरांचे लंगोट, असल्या सगळ्यांवर ही खूण असते. गावातल्या बहुतेक माणसांच्या अंगावर ती कुठं ना कुठं आहेच, पण आपल्या कपड्याच्या आत काय लिहिलंय ते कोण कशाला बघतं.

प्रार्थनाघरातला मोठा पडदाही आमच्याकडेच यायचा. आतल्या दालनावर लावायचा तो, गडद तांबडा, सोनेरी काठाचा, भिजला की पाच माणसांना उचलत नाही. दोन वर्षांतून एकदा यायचा. शंभरेक वर्षं तो आमच्या टाकीत भिजलाय. प्रार्थनाघराचे म्हातारे सेवक तो आणून ठेवायचे, सासूबाईंच्या हातचा चहा प्यायचे आणि म्हणायचे, "सांभाळून हं." इतक्या पिढ्यांत तेवढाच काय तो करार.

मग सरकार बदललं. नव्या सरकारला आपण कोण हे सारखं सांगायची हौस होती. ज्या प्रार्थनाघरात सहा म्हातारी माणसं आणि साठ पारवे एवढीच वर्दळ असायची, ते एकाएकी राष्ट्राचं हृदय ठरलं. समिती झाली. टाइल्सचा धंदा असणारे एक गृहस्थ अध्यक्ष झाले. म्हाताऱ्या सेवकांना मानानं घरी बसवलं. मनोरा उठायला लागला, आणि तो किती उंच असावा याचं माप एकच होतं, काठच्या प्रत्येक खिडकीतून दिसला पाहिजे. माझा सख्खा मोठा भाऊ समितीत कारकून म्हणून लागला. दादा साधा माणूस, अक्षर सुंदर, कुणी चांगलं म्हटलं की विरघळणारा.

मनोऱ्यावर लावायला चिन्ह हवं होतं. त्यासाठी राजधानीतून एक प्राध्यापक आले. त्यांनी भिंग घेऊन पडदा इंच इंच पाहिला आणि कोपऱ्यात त्यांना ते सापडलं. त्यावर त्यांनी पुस्तक लिहिलं. अर्धगोल म्हणजे आकाश. तीन रेघा म्हणजे डोंगरावरून उतरलेली तीन मूळ कुळं. टिंब म्हणजे एक राष्ट्र. आणि पलीकडचा तो वाकडा ठिपका म्हणजे नदीचा काठ, जो मुळात चढावरच्यांचाच आणि एक दिवस परत यायचा. उद्घाटनापर्यंत चिन्ह गुपित ठेवलं होतं, म्हणून आम्हाला पत्ता नव्हता. अध्यक्ष व्यासपीठावरून हा अर्थ समजावून सांगत होते आणि माझ्या सासूबाई रुमालात तोंड खुपसून हसत होत्या.

संध्याकाळ व्हायच्या आत सगळ्या गावानं आपापले कपडे उलटे करून पाहिले.

बाराव्या दिवशी परवाना अधिकारी दोन माणसं घेऊन दुकानात आले. नवा नियम झाला होता, राष्ट्रचिन्ह अयोग्य वस्तूंवर असता कामा नये. त्यांनी गाठोडी सोडली आणि पंचनामा सुरू केला. एक लिहीत होता, दुसरा चिमटीत धरून दाखवत होता. बायकांच्या आतल्या कपड्यांपाशी आल्यावर दोघांचे कान लाल झाले. मग एक लोकरीची लांब चड्डी निघाली. "लांब चड्डी एक, करडी, राष्ट्रचिन्हासह," असं त्यानं मोठ्यानं म्हणत लिहिलं. सासूबाई म्हणाल्या, नाडी तुटलेली आहे तेही लिहा, नाहीतर गिऱ्हाईक आमच्या नावानं ओरडेल. त्यानं लिहिलं.

ती चड्डी कुणाच्या घरची ते तिच्यावरच्या दुसऱ्या, घराच्या खुणेवरून आम्हा दोघींना दिसत होतं. ती अध्यक्षांची होती. मी सासूबाईंकडे पाहिलं. त्यांनी ती घडी घालून परत गाठोड्यात ठेवली. पुढं सगळं इतकं हाताबाहेर गेलं तरी त्यांनी तो विषय कधी काढला नाही. मी तोंड उघडायला गेले की म्हणायच्या, गिऱ्हाइकाचं धुणं चव्हाट्यावर मांडायचं असेल तर दुसरा धंदा बघ. आता मी हे लिहितेय ते त्यांना आवडणार नाही, पण मी त्यांच्याइतकी चांगली नाही.

नोटीस आली. खूण बंद करा, आणि ही खूण आपण कुठून घेतली याचा खुलासा करा, नाहीतर परवाना रद्द.

आमच्या बाजूनं कोण उभं राहील असं वाटत असताना वाळूच्या ठेक्यावर पैसा केलेले काठचे पुढारी, वाळूवाले, आले. काठाला त्यांचंही प्रार्थनाघर मोठं करायचं काम चालू होतं आणि त्यांचा मनोरा यांच्या मनोऱ्यापेक्षा दोन हात उंच होणार होता. त्यांनी आल्या आल्या सासूबाईंचे पाय धरल्यासारखं केलं. म्हणाले, मावशी, तुम्ही आमच्या, खूण आपली, त्यांनी चोरली. तुम्ही फक्त सभेत येऊन सांगा की ही काठच्या लोकांची हजार वर्षांची पवित्र खूण आहे. आम्ही यांच्या दुप्पट मोठी करून आमच्या मनोऱ्यावर लावतो, मग बघू कोण परवाना काढून घेतो ते. सासूबाईंनी विचारलं, तिचा अर्थ काय सांगू? ते म्हणाले, अर्थ आमचे लोक बघतील.

"अर्थ आहे की तिला," सासूबाई म्हणाल्या. "तीन पाणी, सावली, पिळू नये. हे लावणार का मनोऱ्यावर?"

वाळूवाल्यांचा चेहरा पडला. सासूबाईंनी फळीवरून एक गाठोडं काढून त्यांच्यासमोर ठेवलं. त्यांच्या सभागृहाचे पडदे चार महिने पडून होते, तेवढे घेऊन जा म्हणाल्या. ते गाठोडं काखेत मारून गेले आणि काठभर सांगत सुटले की कडकबाई चढाला विकली गेली, सून तिकडचीच ना.

झालं. चढावरचे आमच्यावर चिडले कारण आम्ही त्यांच्या चिन्हाचा अपमान केला, काठचे चिडले कारण आम्ही ते त्यांचं म्हणेना. दोन्हीकडून गिऱ्हाईक आटलं. एका सकाळी दर्शनी काचेतून दगड आत आला आणि इस्त्रीच्या टेबलावर थांबला. कुठल्या बाजूनं आला ते कळायला मार्ग नव्हता, आणि खरं सांगायचं तर दोन्ही बाजूंबद्दल मला सारखाच संशय होता. सासूबाईंनी काचेला पुठ्ठा लावला, दगड दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून उंबऱ्यापाशी ठेवला आणि कामाला लागल्या. मशीन दिवसभर रिकामी उभी असायची. नवऱ्यानं मालाच्या गाडीवर जादा फेऱ्या घ्यायला सुरुवात केली. मला राग येत होता, तो कुणावर काढावा कळेना, मग मी तो पोरांवर आणि बादल्यांवर काढला.

मग एका रविवारी दुपारी दादा आला. मी एकटीच होते. त्याच्याकडे दोन कागद होते, दोन्ही त्याच्याच सुंदर अक्षरात. पहिला सासूबाईंसाठी. 'ही खूण मी प्रार्थनाघराच्या पवित्र पडद्यावरून नक्कल केली आहे, याबद्दल मी दिलगीर आहे.' खाली सही, मग परवाना कायम, फक्त खूण बदलायची. दुसरा कागद माझ्यासाठी. सासूबाईंनी सही केली नाही तर परवाना माझ्या नावावर करून मिळेल. मी चढावरची असल्यामुळे मला खूणही ठेवता येईल, फार तर लंगोटांवर नको.

"तू आपल्यातली आहेस," दादा म्हणाला. "दुकान वाचेल. पोरांचा विचार कर. मी किती जणांच्या पाया पडलो तुला माहीत नाही."

तो खरंच पडला असणार. दादाच्या डोळ्यांत पाणी होतं. त्या कागदात वाईट असं मला काहीच दिसेना. दुकान तेच, टाकी तीच, शाई तीच, फक्त वरचं नाव माझं. चौदा वर्षं माझेही हात त्या सोड्यात आहेत. खोटं कशाला बोलू, नाव माझं या विचारानं मला थोडं बरंसुद्धा वाटलं.

संध्याकाळी मी सासूबाईंसमोर दोन्ही कागद ठेवले. त्या अभ्र्यांना इस्त्री करत होत्या. त्यांनी पहिला कागद वाचला, मग दुसरा वाचला, आणि अभ्रा उलटा केला.

"आई, एका सहीचा प्रश्न आहे," मी म्हणाले.

"मग कर ना सही. तुला कुणी अडवलंय?"

असं म्हटल्यावर माणसाला सही करताही येत नाही आणि टाळताही येत नाही. मी भडकले. नको ते बोलले. तुमच्या ताठ्यापायी घर बसेल, म्हणाले. तुम्हाला वाटतं दुकान तुमचं एकटीचं आहे, म्हणाले. एका खुणेसाठी एवढं, आणि ती खूण तरी काय, धुण्याची. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. इस्त्री उभी केली.

"धुण्याची आहे म्हणूनच," त्या म्हणाल्या. "त्या बाईनं अक्षर येत नसताना डोकं चालवून काढली. आता मी लिहून द्यायचं की तिनं चोरली. तिच्या बाजूनं बोलायला दुसरं कोण आहे? माझी सही नाही. तुझी तू ठरव, दुकान तुझंही आहे, मी कधी नाही म्हटलं?"

चौदा वर्षांत त्यांनी हे कधी म्हटलंही नव्हतं. मी दुसरा कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. फाडला नाही, सांगून टाकते.

सुनावणी नगरपालिकेच्या वरच्या मजल्यावर झाली. लांबट खोली, एक पंखा चालू, एक बंद. डावीकडे चढावरचे बसले, उजवीकडे काठचे, मधली खुर्च्यांची रांग आपोआप मोकळी राहिली आणि त्यात आम्ही दोघी. समोर परवाना अधिकारी, त्यांच्या शेजारी अध्यक्ष आणि प्राध्यापक. दादा टेबलाच्या टोकाला, कागद लावत.

अधिकाऱ्यांनी नोटीस वाचली आणि खूण कुठून आली ते विचारलं. सासूबाईंनी सांगितलं. फळा होता, त्यावर खडूनं काढून दाखवलं. छप्पर, तीन पाणी, मूठ. उजवीकडून वाळूवाले ओरडले की सरळ सांगा ना कुणाची. सासूबाई म्हणाल्या, लॉन्ड्रीची. डावीकडे कुणीतरी फिसकन हसलं आणि गप्प झालं.

प्राध्यापक उठले. माणूस वाईट नव्हता, आवाज मऊ होता. ते म्हणाले, बाईंच्या प्रामाणिकपणाबद्दल शंका नाही. पण पडदा आधी आणि लॉन्ड्री नंतर. यांच्या पूर्वजांनी धुताना हे चिन्ह पाहिलं असणार आणि अजाणतेपणी उचललं असणार. लॉन्ड्रीच्या खुणेत तो चौथा घटक, काठाचा ठिपका, दिसत नाही, आणि पडद्यावर तो स्पष्ट आहे. नक्कल करताना असंच होतं, बारकावे गळतात. त्यांनी आपलं पुस्तक वर धरलं. मुखपृष्ठावर पडद्याचा कोपरा होता, हाताच्या पंजाएवढा मोठा केलेला.

सासूबाई खुर्चीवरून उठून टेबलापाशी गेल्या आणि चष्मा सारखा करत त्यांनी ते मुखपृष्ठ बराच वेळ पाहिलं.

"हा ठिपका माझा," त्या म्हणाल्या.

प्राध्यापकांना वाटलं, त्या काठाबद्दल बोलताहेत.

"तसं नाही साहेब. शाई पन्नासेक वर्षांनी विटते, मग त्यावर पुन्हा गिरवावं लागतं. मी लग्न होऊन आले त्या वर्षी पडदा आला होता. सासू म्हणाली, तू गिरव. एवढ्या मोठ्या कापडावर माझा हात हलला आणि काडीवरून थेंब पडला. हा इथं. सासूनं त्यासाठी मला दोन दिवस बोल लावले. एकोणिसाची होते मी. तुमच्या त्या सेवकांना विचारा, ते होते तिथं, तेच म्हणाले की राहू दे, कोपऱ्यात आहे, कोण बघतंय."

प्राध्यापक पुस्तकाकडे बघत राहिले. मग ते अगदी हळू म्हणाले की शाईची तपासणी करता येईल. अध्यक्षांनी त्यांचा कोट धरून त्यांना खाली बसवलं. म्हातारे सेवक मागच्या रांगेत होते, चढावरच्यांच्यात. सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या. त्यांनी नुसती मान हलवली. त्यांचं त्यासाठी पुढं बरंच काही गेलं, पण त्यांनी मान हलवली.

अधिकाऱ्यांनी घाम पुसला. म्हणाले, इतिहास हा आजचा विषय नाही. नक्कल केल्याच्या कागदावर सही करणार की नाही, एवढाच प्रश्न आहे.

"नक्कल मी केलेली नाही," सासूबाई म्हणाल्या. "नक्कल त्यांनी केलीय, माझ्या डागासकट."

डावीकडून आणि उजवीकडून एकदम हसू आलं. त्या खोलीत तेवढं एकच काम दोन्ही बाजूंनी मिळून केलं. अध्यक्षांनी टेबलावर थाप मारली. अधिकाऱ्यांनी घाईघाईनं काहीतरी लिहिलं, आणि मग ते माझ्याकडे वळले. आवाज एकदम मायेचा झाला. म्हणाले, ताई, तुमचा अर्ज तयार आहे असं कळलं. तुम्ही सही करा, पाच मिनिटांत विषय संपतो. दादा पेन घेऊन माझ्यासमोर आला.

मला तो परवाना हवा होता. हे मी आजही मान्य करते. सासूबाई खाली बसून चष्मा पुसत होत्या, माझ्याकडे बघतसुद्धा नव्हत्या, आणि त्याचा मला भयंकर राग आला. मी पर्समधला कागद काढला. उलगडला. दादाचं अक्षर खरोखर सुंदर आहे.

"साहेब," मी म्हणाले, "हा परवाना मला कपडे धुता येतात म्हणून देताय, की मी चढावरची आहे म्हणून?"

"नियमात तशी सोय आहे," ते म्हणाले.

"मग उद्या मी चढावरची राहिले नाही तर?"

त्यांना कळलं नाही. मलाही तेव्हा नीट कळलं नव्हतं. माझी पोरं डोळ्यांसमोर होती, अर्धी चढावरची, अर्धी काठची. त्यांना पुढं मागं हे दुकान चालवायचं झालं तर ती कुठल्या अर्ध्यानं सही करतील, एवढंच मनात आलं. मी म्हणाले, "मला नको." आणि कागद दादाच्या हातात दिला. तो त्या दिवसापासून माझ्याशी बोललेला नाही.

जिन्यावरून उतरताना सासूबाईंनी माझा हात धरला. मला वाटलं आता काहीतरी बोलतील. त्या म्हणाल्या, पायऱ्या झिजल्यात, सांभाळून उतर.

संध्याकाळी दुकानाला सील लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तर सासूबाई घरात नव्हत्या. धावत चौकात गेले. त्यांनी घरातलं जेवणाचं टेबल आणून चौकाच्या मधोमध मांडलं होतं. शेजारी बादल्या, दोरीचं भेंडोळं, आणि माझा नवरा घरून तापलेल्या पाण्याचे डबे आणून ठेवत होता, खाली मान घालून, आईनं सांगितल्यावर तो असाच असतो. हवालदार आले. म्हणाले, मावशी, दुकान बंद केलंय ना तुमचं. त्या म्हणाल्या, बंदच आहे, बघा, सील शाबूत आहे. हे माझं जेवणाचं टेबल आहे. हवालदारांनी टेबलाकडे पाहिलं, सीलकडे पाहिलं, आणि साहेबांना विचारून येतो म्हणून गेले.

तासभर कुणी आलं नाही. लोक लांबून वळसा घेऊन जात होते. चढावरचे वरच्या अंगानं, काठचे खालच्या. मी म्हणाले, आई, चला घरी. त्या दोरी बांधायला लागल्या. एक टोक दिव्याच्या खांबाला, दुसरं प्रार्थनाघराच्या नव्या कोऱ्या कठड्याला. मनोऱ्याची लांब सावली बरोबर त्या दोरीवर पडली होती.

मग चढावरून एक पोरगी आली, विशीची असेल, कडेवर तान्हं मूल, दुसऱ्या हातात भलीमोठी पिशवी. डोळे झोपेनं तारवटलेले. ती कुणाकडे न बघता सरळ टेबलापाशी आली आणि म्हणाली, "मावशी, तीन दिवसांचे साठलेत. घरी धुतले की त्याच्या अंगावर पुरळ उठतं."

सासूबाईंनी पिशवी ओतली. तेवीस लंगोट होते. नवं गिऱ्हाईक होतं, एकावरही खूण नव्हती. त्यांनी शाईची बाटली उघडली, काडी बुडवली आणि भर चौकात, वर बघणाऱ्या आणि न बघणाऱ्या सगळ्यांसमोर, एकेका लंगोटाच्या कोपऱ्यात काढायला लागल्या. अर्धगोल, तीन रेघा, टिंब. मी धुवायला घेतले. पहिलं पाणी, दुसरं पाणी, तिसरं पाणी. न पिळता, दोघींनी दोन टोकं धरून झटकले आणि दोरीवर घातले. खुणेची बाजू बाहेर.

अकराच्या सुमाराला अध्यक्ष प्रार्थनाघरातून बाहेर आले. त्यांनी आधी वर पाहिलं, पितळेकडे, मग खाली दोरीकडे. त्यांचा चेहरा तांबडालाल झाला. आत्ताच्या आत्ता ते खाली काढा, म्हणाले.

सासूबाईंनी एक लंगोट बोटांनी चाचपून पाहिला.

"ओले आहेत," त्या म्हणाल्या. "वाळले की काढते."

सावलीत लंगोट वाळायला वेळ लागतो. संध्याकाळपर्यंत ते तिथंच होते.